पहिलीच्या वर्गातलं इंग्लिश

कवठे येमाई,
१८ जून २०००

ती. बानोमावशी,

नमस्कार. आईच्या वर्षश्राद्धाला तुम्ही दौंडहून एवढ्या लांब आलात, त्यानंतर तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही याची लाज वाटते. आज लिहितेय तेही कामासाठीच. रागावू नका.

या वर्षीपासून सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलंय. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. सुट्टीत प्रशिक्षण झालं, त्यात अर्धा वेळ चहा आणि अर्धा वेळ हजेरी. पुस्तक छान आहे, रंगीत चित्रं आहेत. पण पोरांना शिकवायचं कसं ते कुणीच नीट सांगितलं नाही.

गावात सोपानराव म्हणून आहेत. झेंडू आणि कांदा करतात, शाळेच्या समितीवर आहेत, अख्खी आळी त्यांच्या शब्दावर चालते. त्यांची नात साई माझ्या वर्गात आली आहे. तिचे आईवडील शिक्रापूरला कंपनीत कामाला आहेत, एका खोलीत भाड्यानं राहतात, म्हणून पोर आजोबांकडे. पहिल्याच दिवशी तिला सोडायला आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडं इंग्लिश हाय, का नुसतं इंग्लिशचं पुस्तक हाय?"

मी हसले. ते हसले नाहीत. "दिवाळीपत्तोर बघतो. न्हाई जमलं तर शिरूरला नवी इंग्लिश मीडियम निघालीय. बाळासोची जीप जाती रोज. पोरगी त्यात बसवतो."

मावशी, साई गेली की तिच्यामागे निम्मा वर्ग जाईल. आणि खरं सांगू का, मला बाकीच्यांचं सोडा, ती पोरगीच जाऊ नये असं वाटतं. कावळ्यासारखी मान वाकडी करून ऐकते आणि दिवसभर शंभर प्रश्न विचारते. पहाटे पाचला जीपमध्ये कोंबून न्यायचं वय आहे का ते?

तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलात, रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी इंग्रजीत केलीत. तुम्ही इंग्रजी कसं शिकलात, तेवढं मला सविस्तर लिहा. माझ्या पोरांसाठी हवंय.

तुमची,
सारिका


दौंड,
२७ जून २०००

प्रिय सारिका,

खूप खूप दुआ. पत्र वाचून डोळे भरून आले बघ. तुझी आई अंजना आणि मी रेल्वे क्वार्टरमध्ये एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. तिच्याकडची फोडणी आमच्या घरात आधी कळायची. तिच्या लेकीनं मला गुरू करावं, याहून जास्त काय पाहिजे?

तू विचारलंस, तर ऐक. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा होत्या. उंच, गोऱ्या, आणि पायरव म्हणून नाही. त्यांचा एकच नियम होता. वर्गाच्या दारात पाऊल टाकलं की इंग्रजीशिवाय शब्द काढायचा नाही. कुणी मराठी किंवा हिंदी बोललं की तिच्या हातात एक लाकडी ठोकळा यायचा. दुसरी कुणी चुकेपर्यंत तो हातात धरून बसायचं. शाळा सुटताना ज्या मुलीच्या हातात ठोकळा, तिनं फळा पुसायचा, वर्ग झाडायचा. तेव्हा राग यायचा, पण आज वाटतं, त्या शिस्तीनंच आम्ही घडलो. मला तो ठोकळा एकदाही मिळाला नाही, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.

तूही तसंच कर. मराठी चपलांबरोबर बाहेर ठेवायला लाव. थोडे दिवस कुरकुरतील, मग बोलायला लागतील. ठोकळा फार जड नको, लहान हात आहेत.

सोपानरावांना म्हणावं, दिवाळीची वाट बघा.

तुझी,
बानोमावशी


कवठे येमाई,
२३ जुलै २०००

ती. बानोमावशी,

तुमचा ठोकळा पोपट सुताराकडून करून घेतला. वर्गात आता एवढी शांतता असते की बाहेरच्या बाभळीवरची पाखरं ऐकू येतात. मुख्याध्यापक परवा खिडकीतून बघून गेले आणि म्हणाले, "बाई, पहिलीचा वर्ग आहे का देऊळ?" खूष होते.

बाकी सगळं ठीक. साई काही दिवस आली नाही. सर्दी असेल, हवाच तशी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? तब्येतीला जपा.

घाईत लिहितेय.
सारिका


दौंड,
२ ऑगस्ट २०००

प्रिय सारिका,

छोटंसं पत्र, पण काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ते शेजारच्या शायनालाही वाचून दाखवलं. देऊळ! सिस्टर आज असत्या तर त्यांना किती बरं वाटलं असतं. माणूस जातं, पण त्यानं लावलेली शिस्त कुठल्या कुठे जाऊन रुजते बघ.

गुडघे दुखतात, पण रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत जाऊन येते. प्लॅटफॉर्मवर कुणी इंग्रजीत गाडीची चौकशी केली की अजून माझीच मान आधी वळते. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

साई बरी झाली का? सर्दीला ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगायला दे. आणि ती आता इंग्रजीत काय काय बोलते ते मला लिहून पाठव. एक वाक्य तरी. मी वाट बघते.

तुझी,
बानोमावशी


कवठे येमाई,
१५ ऑगस्ट २०००

ती. बानोमावशी,

आज झेंडावंदन झालं. साई आली नव्हती. ती महिनाभर आलेली नाही. सर्दी वगैरे काही नव्हती, मी तुम्हाला खोटं लिहिलं.

जुलैमध्ये एक दिवस तिच्या हातात ठोकळा होता. ती तर मराठी बोलणारच. तिच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? ठोकळा घेऊन बसली होती आणि सारखी चुळबुळ करत होती. माझ्याकडे बघायची, तोंड उघडायची, परत मिटायची. मला वाटलं इंग्रजी शब्द आठवतेय. मला मनातून बरंसुद्धा वाटलं. मग तिच्याखालची फरशी ओली झाली आणि शेजारच्या पोरानं आरडाओरडा केला. तिला बाहेर जायचं होतं मावशी. इंग्रजीत कसं विचारायचं ते मी शिकवलंच नव्हतं, आणि मराठीत विचारायची तिला भीती वाटली. सगळा वर्ग हसला. ती रडली नाही. ठोकळा छातीशी धरून तशीच उभी राहिली.

चार दिवस ती आली नाही, तेव्हा मी सोपानरावांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. या म्हणाले नाहीत.

"बाई, पोरगी घरातबी बोलंना झालीय. मागल्या आठवड्यात कानाचा पडदा फाटंस्तोर बोलत हुती. आता पाणी पाहिजे तरी बोट दावती. हे इंग्लिश व्हय तुमचं?"

मी म्हटलं, "आबा, माझी चूक झाली. तिला पाठवा, मी तो ठोकळा बंद करते."

"ठोकळा बंद करा, न्हाईतर देव्हाऱ्यात ठिवा. दिवाळीनंतर ती जीपनं जायाची. तवर राहूद्या घरी."

मावशी, मी तुमच्यावर ढकलत नाही. उलट एक गोष्ट कबूल करते. तो ठोकळा मला सोयीचा होता. पोरं गप्प राहिली की मला कुणी काही विचारत नव्हतं. मी "माझ्या पोरांसाठी हवंय" असं तुम्हाला लिहिलं, पण इंग्रजी मलाच येत नाही. दहावी, डी.एड., सगळीकडे गाईडमधली उत्तरं पाठ करून पास झाले. तोंडानं एक वाक्य बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. सोपानरावांनी बरोबर ओळखलं होतं. माझ्याकडे नुसतं पुस्तकच आहे.

सारिका


दौंड,
१० सप्टेंबर २०००

प्रिय सारिका,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. आधी तुझ्यावर. हिनं नीट केलं नसेल, आमच्या वेळी कुठं असं व्हायचं, असं म्हणत घरात भांडी आपटली. मग एक दिवस शायनाच्या मुलीची वेणी घालताना तिला तीच गोष्ट सांगायला लागले, की मला ठोकळा कधीच मिळाला नाही. ती पोरगी म्हणाली, "नानी, मग तुम्ही वर्गात काय बोलायचात?"

माझा हात थांबला बघ. मी काही बोलायचेच नाही. पहिली, दुसरी, दोन्ही वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. ठोकळा मिळेल कसा? जे माझं भूषण म्हणून सांगत आले ती निव्वळ भीती होती. आणि तीच मी तुझ्या वर्गात पाठवून दिली.

मग मी आठवत बसले की इंग्रजी आलं कुठून? आणि मला वास आला, लोणी आणि व्हॅनिलाचा. हॅरिस आंटी! तुझ्या आईनं कधी सांगितलं होतं का त्यांच्याबद्दल? समोरच्या क्वार्टरमध्ये गार्ड हॅरिससाहेब राहायचे, अँग्लो-इंडियन. त्यांना मूल नव्हतं. शाळा सुटली की मी आणि अंजना त्यांच्या स्वयंपाकघरात. आंटीला मराठीचा गंध नाही, आणि अंजना तर मराठी शाळेतली. आंटी काम करता करता सतत बोलायच्या. दार लाव, अंडी दे, हे ढवळ, तिथं नको ठेवू, अगं भाजेल. सगळं इंग्रजीत. बोलता बोलता वस्तू दाखवायच्या, हातात द्यायच्या. आम्ही उत्तर मराठीत द्यायचो, हिंदीत द्यायचो, नाहीतर नुसतं काम करायचो. त्यांनी कधीही "इंग्रजीत बोल" म्हटलं नाही. त्यांना अंडी हवी असायची, ती मिळाली की झालं!

आणि गंमत सांगू? आधी कळायचं अंजनाला. आंटीचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी आई उठलेली असायची. मी तिच्याकडे बघून समजायचे. किती दिवस असं चाललं देव जाणे. मग एकदा दूध उतू चाललं आणि अंजना ओरडली, "आंटी, द मिल्क!" तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या तोंडून ते आपोआप आलं, कारण दूध खरोखर उतू चाललं होतं.

तेव्हा आता माझं ऐक. आधीचं ऐकलंस ते विसर. पोरांना बोलायला लावू नकोस, ऐकायला लाव. तूच इंग्रजीत बोल, आणि हातात वस्तू घेऊन बोल. ते मराठीत उत्तर देतील, देऊ दे. समजलं की नाही एवढंच बघ. आणि तुला सगळं इंग्रजी यायची गरज नाही ग. आंटीच्या स्वयंपाकघरात एवढीशीच वाक्यं होती, तीच रोज फिरायची. वर्गात रोज खरोखर लागतात ती वाक्यं मी एका कॅसेटवर बोलून पाठवतेय. ये, बस, ऊठ, दार उघड, मला दे, तिकडे ठेव. आणि सगळ्यात आधी, बाहेर जाऊ का. भाचा अयुब मंगळवारी शिरूरला येईल, तुमच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवेल.

तुझ्या घशाची कोरड मला माहीत आहे. त्यावर औषध एकच, रोज थोडं बोलणं. भाकरी करताना तव्याशी बोल. तवा हसत नाही.

साईकडे तू स्वतः जा. पुस्तक नेऊ नकोस.

तुझी,
बानोमावशी


कवठे येमाई,
८ ऑक्टोबर २०००

ती. बानोमावशी,

काल दसरा झाला. सोनं घ्या!

तुमचं पत्र मी रात्रीतून किती वेळा वाचलं! आई घरी रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या कधी बंद करू द्यायची नाही. आम्ही भावंडं हसायचो, आप्पा म्हणायचे, "हिला काय कळतंय त्यातलं, आवाज ऐकती." ती नुसती हसायची आणि पीठ मळत राहायची. मावशी, तिला कळत होतं. आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

कॅसेट रोज लावते. वाक्यांच्या मागे इंजिनाची शिट्टी ऐकू येते. वर्गात लावली तर पोरं म्हणाली, "बाई, ह्या आजी गाडीत बसून बोलत्यात का?" तुमच्या आवाजात "ओपन द डोअर" आलं की दाराकडे पळायला झुंबड उडते. आता मीच म्हणते. आधी तव्याशी बोलले, मग म्हशीशी, मग पोरांशी. म्हैस सगळ्यात शहाणी, चुका काढत नाही. ठोकळा पोपटला परत दिला, त्यानं तो डुगडुगणाऱ्या पाटाखाली लावला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे साईकडे गेले. दसऱ्याआधी सोपानरावांच्या शेतात झेंडूची तोडणी चालली होती. घरचे सगळे वाकलेले, आणि साई बांधावर एकटी, गप्प. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि तोडायला लागले. गिताबाई, म्हणजे साईची आजी, म्हणाली, "अगं बाई, मास्तरीणबाई रोजानं आल्या का काय!"

मी साईकडे न बघता म्हटलं, "साई, गिव्ह मी द बास्केट." एवढ्या बाया बघत होत्या. साई हलली नाही. मी फुलं ओंजळीत धरून उभी राहिले, एक पडलं, दुसरं पडलं. मला खरंच पाटी हवी होती. साईनं थोडा वेळ बघितलं आणि पाटी ओढत आणली. मी "थँक यू" म्हटलं आणि पुढच्या झाडाला लागले. "रेड फ्लॉवर. यलो फ्लॉवर. पुट द रेड फ्लॉवर हिअर." तिनं लाल फूल बरोबर टाकलं. मग मी मुद्दाम पिवळं फूल उचललं आणि "रेड" म्हटलं.

"ओ बाई, पिवळं हाय की ते!"

मावशी, अडीच महिन्यांनी त्या पोरीचा आवाज ऐकला. गिताबाईनं तोडणी थांबवली. साई मग थांबेचना. "बाई, आता मला पिवळं मागा. बाई, आता लांबचं मागा. बाई, तुम्ही चुकताय, मी चुकत न्हाई." भाकरीला "सिट डाऊन", पुन्हा तोडणीला "स्टँड अप", असं करत संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून दोन ओळी संपवल्या.

सोपानराव लांबून सगळं ऐकत होते. जाताना म्हणाले, "पोरगी बोलाय लागली, उपकार झाले. पण बाई, तुम्ही इंग्लिश बोलताय आन् ती मराठीच बोलतीया. ह्यात तिचं इंग्लिश कुठं हाय? बाळासोला शब्द दिलाय मी. दिवाळीनंतर जीप."

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येतेय. पण दिवाळीपर्यंतच. मी तिला त्यांच्यासमोर दोन वाक्यं पाठ म्हणायला लावू का? तेवढ्यानं त्यांचं समाधान होईल.

सारिका


दौंड,
१९ ऑक्टोबर २०००

प्रिय सारिका,

लावू नकोस. मोह होतोय मला कळतं, पण लावू नकोस. पाठ केलेलं म्हणून दाखवलं तर सोपानराव खूष होतील, आणि साईला वाटेल की हे आपलं नसतं, दुसऱ्याला दाखवण्यासाठी असतं. एकदा तिच्या हातात ठोकळा देऊन झाला, आता दुसरा नको.

तिला गरज पडेल तेव्हा ती बोलेल. कधी, ते मी सांगू शकत नाही. कदाचित शिरूरच्या शाळेत बोलेल, आपल्याला कळणारही नाही. तेही चालेल ग. ऐकलेलं कुठं जातं? तुझ्या आईचं बघ ना.

झेंडूच्या शेताचं वाचून मी एकटीच हसत बसले होते. अंजना असती तर तिनं सगळ्यात जास्त फुलं तोडली असती. दिवाळी आनंदात करा. अयुबबरोबर नानकटाई पाठवतेय. हॅरिस आंटीची कृती आहे, पण हात माझाच, तेव्हा जरा जाड झाल्यात.

तुझी,
बानोमावशी


कवठे येमाई,
१९ नोव्हेंबर २०००

ती. बानोमावशी,

नानकटाई जाड होती तरी एका दिवसात संपली.

सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडली. मी साईची जागा बघायची नाही असं घरूनच ठरवून गेले होते. हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबले, आणि पुढे गेले. तिची मैत्रीण म्हणाली, "बाई, साईला नवा बूट घेतलाय. काळा. जीपमधला."

मी इंग्रजीचा तास लावला. पोरं दारं उघडत होती, खिडक्या लावत होती, आणि मी बोलत होते. मावशी, आता खरंच अडखळत नाही. पण त्या दिवशी लक्ष नव्हतं.

मधल्या सुट्टीच्या सुमारास दारात सोपानराव. साई त्यांचं बोट धरून, पायात तो काळा बूट. मला वाटलं दाखला न्यायला आले.

"बाई, तुमी हिला काय शिकवलंय?" आवाज चढलेला होता.

"काय झालं आबा?"

"पहाटं बाळासोनं जीप आळीत आणली. हिला बूट घातला, दप्तर घातलं, म्हटलं चल. ही दारात आडवी. म्हटलं, साई, उशीर व्हतोय, सरक. तर माझ्याकडं बोट करून म्हणती, 'आबा, सिट डाऊन!'"

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. सोपानरावांनी तिकडे बघितलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या.

"असं म्हणली, बाई, जणू पोलीस इन्स्पेक्टर. माझ्या बापानंबी मला असं सांगितलं नव्हतं कधी. मी बसलो. उंबऱ्यातच बसलो."

"बसलात?"

"बसलो की. मला कळलं ना, काय म्हणती ते! मला, अंगठ्याची सही करणाऱ्या माणसाला!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमचं ते ऐकत व्हतो नव्हं शेतात. म्हातारी चुलीपाशी हसाय लागली. बाहेर बाळासो हॉर्न वाजवतोय, वाजवतोय, आन् म्हणतोय, आबा, येताय का न्हाई? मी म्हटलं, मला उठायचं सांगितलेलं न्हाई अजून."

साई त्यांच्या धोतराआडून माझ्याकडे बघत होती, मान वाकडी करून.

"आणि मग जीप?"

"गेली. किती येळ थांबंल? बाकीची पोरं घेऊन गेला त्यो." त्यांनी साईचा हात सोडला. तिनं बूट दारात काढले आणि पळत जाऊन आपल्या जागेवर बसली, जणू काही झालंच नाही.

मी हजेरीपुस्तक परत उघडलं आणि साईच्या नावापुढे खूण केली. मग भलतंच विचारलं, "मग आबा, तुम्ही उठलात कधी?"

सोपानराव वळले होते. टोपी नीट केली आणि म्हणाले, "तिनं 'स्टँड अप' म्हटलं तवा."

तुमची,
सारिका